बंधू खरशेदजी

गेल्या उन्हाळ्यात मोहोपाड्याच्या आमच्या घराची मागची भिंत पाडून नव्याने बांधली. काम करणारे गवंडी सत्तरीच्या घरातले. त्यांच्या पिशवीत थापी, गुण्या, पाण्याची लेव्हल नळी आणि झिजून गुळगुळीत झालेला पितळी ओळंबा. दर दोन-तीन थरांनी ते ओळंबा सोडायचे आणि दोरी हलायची थांबेपर्यंत एक डोळा मिटून नुसते उभे राहायचे. हाताखालचा पोरगा मध्येच बोलायला लागला तर त्याला बोटानेच गप्प करायचे. दोरी थांबली की भिंत आणि दोरी यांच्यातलं अंतर वर एकदा, खाली एकदा बघायचे आणि मगच पुढची वीट.

विटांच्या त्या धुळीत उभा असताना मला मुंबईच्या फोर्टमधले एक पारशी गृहस्थ आठवले. ते जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. नाव खरशेदजी रुस्तमजी कामा. त्यांनी आयुष्यात कधी वीट रचली नसेल, पण गुण्या आणि ओळंबा ही ज्यांची निशाणं, त्या फ्रीमेसन मंडळींचे ते वडीलधारे होते.

फ्रीमेसन म्हणजे सरळ मराठीत मोकळा गवंडी. युरोपात मोठमोठी चर्चं बांधणारे गवंडी कामाच्या जागेशेजारी खोपटं उभारत. तिथे हत्यारं ठेवत, जेवत, नवशिक्यांना शिकवत. त्या खोपटाला लॉज म्हणत. आपल्याकडे लॉज म्हटलं की राहण्याजेवणाची सोय डोळ्यापुढे येते, त्यामुळे हा अर्थ मुद्दाम सांगावा लागतो. पुढे चर्चं बांधून झाली, पण लॉज राहिली. वकील, व्यापारी, सरदार असे गवंडी नसलेले लोक त्यांत येऊ लागले. 24 जून 1717 ला लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज स्थापन केलं. तेव्हापासून हत्यारं उरली ती शिकवणीपुरती. लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यात गुण्या असतो, त्याच्या दोन सहायकांपैकी एकाच्या गळ्यात लेव्हल आणि दुसऱ्याच्या ओळंबा. सभागृहात दोन दगड मांडलेले असतात, एक खाणीतून आला तसा अनघड आणि दुसरा सहा बाजूंनी घडवलेला. नव्या माणसाला पहिला दगड दाखवून सांगतात, हा तू. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या लोकांनी तेच सभेच्या मधोमध मांडून ठेवलं.

बंद दारं, खुणा, पांढरे एप्रन आणि काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी यांमुळे बाहेरच्यांना या मंडळींविषयी नेहमीच संशय वाटत आला. हिंदुस्थानात कितीतरी गावांत त्यांच्या इमारतीला लोक जादूघर किंवा भूतबंगला म्हणत. आमच्या मोहोपाड्याला जवळचं असं एक जुनं लॉज घाटमाथ्यावर लोणावळ्याला होतं. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे वर गेली, लोणावळ्याला इंजिनांचा कारखाना निघाला, साहेब लोकांची वसाहत झाली आणि चर्च, शाळा यांच्या जोडीला मेसनांचं लॉजही आलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन जोडतात आणि गाडी घाट चढू लागते, तेव्हा मला वाटतं की हातोडा आणि गुण्या यांची ती संस्था अशा गावी रुजणं किती साहजिक होतं.

पण ते लॉज साहेबांचं. खरशेदजींची गोष्ट कळायला त्याच्याही मागे जावं लागतं.

1840 च्या आसपास माणेकजी करसेटजी नावाच्या एका पारशी गृहस्थांनी मुंबईत फ्रीमेसन होण्यासाठी अर्ज केला. सर्व माणसं भाऊ आहेत, असं म्हणणाऱ्या मंडळींनी त्यांना आत घेतलं नाही. माणेकजी युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये रीतसर दीक्षा घेऊन परत आले. तरीही मुंबईचं दार उघडेना. शेवटी जेम्स बर्न्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने, जो तेव्हा पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजांचा प्रमुख होता, 15 डिसेंबर 1843 ला हिंदी लोकांसाठी वेगळं लॉज काढून दिलं: ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’. तिथे पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंना मात्र आणखी बराच काळ थांबावं लागलं. हिंदूंचे देव अनेक, मग एका ईश्वराची शपथ ते कशी घेणार, असा आक्षेप होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी त्यासाठी कित्येक वर्षं झगडा दिला आणि 1872 मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. बंधुत्वाची भाषा करणाऱ्यांनी असं वागावं याचा मला राग येतो. पण माणेकजींनी बाहेर उभं राहून शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी त्याच संस्थेचा गुण्या त्याच संस्थेच्या भिंतीला लावून दाखवला, भिंत वाकडी निघाली आणि ती सरळ करावी लागली.

त्या रायझिंग स्टार लॉजमध्ये खरशेदजी तरुणपणीच आले. जन्म 11 नोव्हेंबर 1831, मुंबईचा. 1855 मध्ये दादाभाई नवरोजी व्यापारासाठी इंग्लंडला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर कामा कंपनीचे जे भागीदार होते, त्यांत हेही होते. पण त्यांचं मन जमाखर्चात रमलं नाही. पॅरिस आणि जर्मनीतलं एर्लांगेन इथे युरोपीय पंडितांकडे ते स्वतःच्याच धर्मग्रंथाची, अवेस्ताची, भाषा शिकले. मुंबईला परतल्यावर ती विद्या त्यांनी तरुण मोबेदांना, म्हणजे पारशी धर्मगुरूंना, शिकवायला घेतली. पुढे पारशी विद्येत ज्यांचं नाव झालं त्यांतले बरेच जण त्यांच्या त्या वर्गात बसलेले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असलेल्या प्रार्थनांचा अर्थ व्याकरणाच्या आधारे लावायचा, हे काम त्यांनी सुरू करून दिलं.

लॉजमध्येही ते तसेच वागले. लॉजच्या सभा म्हणजे विधी आणि मग जेवण, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. 1870 च्या दशकात खरशेदजींनी तिथे व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. एक जमशेदी नवरोजवर, म्हणजे वसंत संपातापासून, 21 मार्चच्या सुमाराला सुरू होणाऱ्या वर्षावर. दुसरं मिथ्राच्या उपासनेवर: इराणातला हा देव रोमन सैनिकांपर्यंत कसा पोचला, त्याच्या दीक्षाविधींत आणि मेसनांच्या विधींत साम्य कुठे दिसतं. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकणार नाहीत. तरी ते दृश्य मला फार मोलाचं वाटतं. साहेबांकडून आलेला विधी समोर ठेवून मुंबईचा एक माणूस आपल्या भाऊबंदांना विचारतो आहे, याचं मूळ आपल्याकडेही सापडतं का, बघू या.

त्यांच्या मेसन आयुष्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा लॉजमधल्या बंधूंनी ठरवलं की यांच्या नावाने ग्रंथ काढायचा. 1907 मध्ये ‘के. आर. कामा मेसॉनिक ज्युबिली व्हॉल्यूम’ निघाला. संपादक जीवनजी जमशेदजी मोदी, स्वतः पारशी धर्मगुरू, विद्वान आणि मेसन. वेगवेगळ्या बंधूंनी आपापल्या अभ्यासातले निबंध त्यात लिहिले. याच मोदींनी सात वर्षं आधी, खरशेदजींच्या सत्तरीच्या निमित्ताने, इराणी विद्येवरचा लेखसंग्रह त्यांना अर्पण केला होता. म्हणजे दोन ग्रंथ, आणि दोन्ही वेळा ज्याच्यासाठी लिहिलं तो म्हातारा समोर बसून पानं उलटतो आहे. आपल्याकडे माणूस गेल्यावर शोकसभेत जे बोलतात, ते त्याला ऐकू जात नाही. इथे ते ऐकू गेलं.

त्याच 1907 च्या ऑगस्टमध्ये, 22 तारखेला, जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत एका बाईने हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. मॅडम भिकाईजी कामा, खरशेदजींच्या सूनबाई. नवरा रुस्तम आणि त्या यांचे मार्ग केव्हाच वेगळे झाले होते. लॉजमध्ये बाईला प्रवेश नव्हता आणि ग्रँड लॉज ऑफ इंडियात आजही नाही. ही संस्था मला प्रिय आहे, पण हे मला खटकतं. एकाच कामा घराण्यातले सासरे मुंबईत बंद दारामागे बंधुत्व शिकवत होते आणि सून उघड्या सभेत देश मागत होती. मला दोघांबद्दल सारखाच आदर वाटतो.

24 नोव्हेंबर 1961 ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं आणि रामपूरचे नवाब रझा अली खान त्याचे पहिले ग्रँड मास्टर झाले. फोर्टमधला 1897 चा फ्रीमेसन्स हॉल आजही वापरात आहे. आता शपथ घेताना ज्याचा त्याचा धर्मग्रंथ समोर असतो. कोणी गीतेवर हात ठेवतो, कोणी कुराणावर, कोणी अवेस्तावर. खरशेदजींच्या नावाची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट 1916 मध्ये स्थापन झाली, तीही फोर्टातच, हॉलपासून पायी जाता येईल इतकी जवळ.

20 ऑगस्ट 1909 ला खरशेदजी गेले.

मेसन वारला की बंधू निरोप देताना अकेशियाची डहाळी ठेवतात. आमच्याकडे पाताळगंगेच्या काठाने उभी असते ती बाभूळ त्याच कुळातली. पण पारशी माणसाच्या बाबतीत एक अडचण असते. स्नान आणि विधी झाल्यावर परधर्मीयाला त्याचं मुख पाहता येत नाही. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एका चौकटीच्या फरशीवर उभं राहिलं, त्या मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू बंधूंनी लांबच्या मांडवात बसायचं आणि तिथूनच हात जोडायचे. खरशेदजींच्या बंधूंना जे सांगायचं होतं ते मात्र दोन वर्षांपूर्वीच छापून, बांधून त्यांच्या हातात देऊन झालं होतं.