तबकडीचे वेष्टन आणि चित्रातील खरे-खोटे



गाणे ही ऐकण्याची वस्तू आहे, पाहण्याची नव्हे, हे आपण सारेच मान्य करू. तरीही जुन्या तबकडीचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आधी उभा राहतो तो कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. कानाचा विषय डोळ्यांत असा घर करून राहतो, तो चित्रामुळे. म्हणून ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील चित्र कसे घडते आणि संगणकाने त्या घडणीत कोणता पालट केला, याचा आज विचार करू.

त्या कुत्र्यापासूनच आरंभ करू. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने ते चित्र काढले तेव्हा कुत्र्यासमोर मेणाच्या नळकांड्यावर चालणारे एडिसन-बेलचे यंत्र होते. १८९९ साली ग्रामोफोन कंपनी चित्र विकत घेण्यास तयार झाली. मात्र जुन्या यंत्राच्या जागी आपला ग्रामोफोन हवा, अशी तिने अट घातली. बॅरॉडने जुन्या यंत्रावर रंग चढवून नवे रंगविले. म्हणजे चित्रात फेरफार करण्याची विद्या संगणकाने आणलेली नाही. आपल्या घरोघरी पोहोचलेल्या त्या चित्रातच ती होती.

पुढे अनेक तबकड्या एकत्र ठेवण्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या वह्या निघाल्या. फोटोंच्या वहीसारख्या त्या दिसत, म्हणून त्यांना ‘अल्बम’ म्हणू लागले. वरचे पुठ्ठे बहुधा साध्या रंगाचे असत. अमेरिकेत कोलंबिया कंपनीतील तरुण चित्रकार अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस याने १९४० साली या पुठ्ठ्यांवर चित्रे छापण्यास प्रारंभ केला. १९४८ साली त्याच कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणली, आणि चित्रकाराच्या हाती सुमारे १२ इंचांचा चौकोन आला.

या चौकोनासाठी लोक किती खटपट करीत, याचे एकच उदाहरण देतो. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९८७ सालच्या अल्बमसाठी स्टॉर्म थॉर्गरसन याने डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे ७०० लोखंडी खाटा खरोखरीच मांडून छायाचित्र काढवून घेतले. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत टॉमस नोल या विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर चित्रे दाखविणारा एक कार्यक्रम लिहावयास घेतला. भाऊ जॉन याच्या साहाय्याने तो वाढला आणि १९९० च्या फेब्रुवारीत ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आला. आता एक खाट आणि एक किनारा यांची छायाचित्रे असली की ७०० खाटा टेबलाशी बसून मांडता येतात.

हे घडते कसे? एकावर एक ठेवलेल्या स्वच्छ काचा मनात आणा. खालच्या काचेवर किनारा, मधल्या काचेवर खाट, वरच्या काचेवर अक्षरे. प्रत्येक काच वेगळी सरकविता येते, बदलता येते. फोटोशॉपमध्ये १९९४ साली आलेले ‘लेअर’, म्हणजे थर, ते हेच. दुसरी युक्ती ‘मास्क’ची. नको असलेला भाग पुसावयाचा नाही, नुसता झाकावयाचा. उद्या हवासा वाटला तर झाकण काढले की तो जागच्या जागी. बॅरॉडला रंगाखालचे जुने यंत्र असे परत आणता आले नसते.

मात्र पडद्यावर शोभले ते कागदावर शोभेलच असे नाही. छपाईसाठी दर इंचास ३०० ठिपके धरतात. म्हणजे १२ इंचांच्या बाजूस ३६०० ठिपके हवेत. लहान चित्र ताणून मोठे केले तर ते धूसर होते. पडदा तांबड्या, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवितो, तर छापखाना आकाशी, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने. म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मलूल दिसतो. कापणारे पाते थोडे इकडे-तिकडे सरकते, म्हणून चित्र कडेबाहेर तीनेक मिलिमीटर जास्त ठेवावे लागते. शिवाय तेच चित्र आज मोबाइलवर नखाएवढे दिसते, तेव्हा अक्षरे मोजकी व ठसठशीत हवीत.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. वाळूवरच्या खाटा पाहून कोणी फसत नाही. ती कल्पना आहे हे पाहणारा जाणतो. पण समजा, एखाद्या बैठकीला ४० माणसे होती आणि वेष्टनावर तीच माणसे पुनःपुन्हा चिकटवून सभागृह भरलेले दाखविले, तर? किंवा जे दोन गवई कधी एका मंचावर बसलेच नाहीत, ते शेजारी-शेजारी बसविले, तर? गिऱ्हाईक तर फसतेच; पण पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ते चित्र पुरावा म्हणून पुढे करील. संगीताचा इतिहास लिहिताना जुनी वेष्टने हाताशी घ्यावी लागतात, हे विसरून चालणार नाही.

तात्पर्य, फेरफार करू नये असे नव्हे. डाग काढावेत, फिकटलेला रंग उजळावा, कल्पनेचे घोडेही खुशाल दौडवावेत. मात्र मूळ छायाचित्र न बिघडविता जपून ठेवावे, आणि जेथे पाहणाऱ्याची फसगत संभवते तेथे वेष्टनाच्या मागे एक ओळ छापावी: हे चित्र जुळवलेले आहे. तेवढ्या ओळीने चित्राची शोभा उणावत नाही, आणि वेष्टन हाती घेणाऱ्याचा त्यावरचा विश्वास टिकतो.