माळ्याची तक्तपोशी आणि पावसाळा

आषाढ सरून श्रावण लागला की नाशिक-अंबडच्या बाजूस जुन्या घरांची दारे चौकटीत अडकू लागतात, शिसवी पेटीचे झाकण नीट बसेनासे होते, आणि माडीवर अनवाणी चालताना फळ्यांच्या कडा पायांस लागू लागतात. घरधनी सुतारास बोलावितो. सुतार रंधा घेऊन येतो, उचललेल्या कडा तासून देतो, आणि दोन तासांत जमीन सपाट झालेली पाहून सर्वांस समाधान वाटते. पुढे मार्गशीर्षात हवा कोरडी होते व त्याच फळ्या आता मधोमध उंच होऊन बसतात. मग घरात बोलणे निघते की लाकूडच वाईट. माळा उतरवून स्लॅब घालावा हे बरे. दोन-तीन पिढ्या टिकलेले उत्तम सागवान अशा रीतीने मोडीत गेलेले आमच्या पाहण्यात आहे. म्हणून विद्यार्थी व पालक या दोघांसही आमचे सांगणे असे की, फळी वाकते ती पाण्यामुळे. ते पाणी कोठून येते याचा शोध लागल्यावाचून तीस हत्यार लावू नये.

आपल्याकडील वाड्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, आणि कड्यांवर फळ्या अशी रचना असते. यालाच कडीपाट म्हणतात. फळ्यांची ती तक्तपोशी खालच्या खोलीचे छत असते व वरच्या खोलीची जमीन. कित्येक ठिकाणी फळ्यांवर मातीचा थर देऊन तो शेणाने सारवीत. या रचनेत एक शहाणपण आहे, ते असे की फळीच्या खालच्या अंगास वारा मोकळा लागतो. हा वारा जोपर्यंत खेळतो तोपर्यंत फळीस सहसा अपाय होत नाही.

अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या पालकांस लोखंड उष्णतेने वाढते हे सांगावयास नकोच. लाकडाचा स्वभाव निराळा. ते उष्णतेने फारसे वाढत नाही, ओलीने वाढते. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची एक घट्ट जुडी आहे असे मानले तर हे समजण्यास सोपे जाईल. ओल नळ्यांच्या भिंतींत शिरली की प्रत्येक नळी जाड होते. लांब मात्र होत नाही. त्यामुळे फळी रुंदीत फुगते व लांबी जवळजवळ तीच राहते. रुंदीतही भेद आहे. सागाचे ओले लाकूड अगदी शुष्क होईपर्यंत त्याच्या वलयांच्या रेषेने सुमारे शेकडा सहा भाग आकसते, तर वलयांस छेदून जाणाऱ्या रेषेने सुमारे अडीच भागच. या दोन आकड्यांतील तफावत हे फळी वाकण्याचे एक मूळ होय.

गणिताची आवड असलेल्या मुलांनी पुढील हिशेब करून पाहावा. हवेतील आर्द्रता शेकडा ५० असता लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे शेकडा ९ भाग पाणी धरून राहते. आर्द्रता ८० झाली व तशीच काही आठवडे टिकली की हे प्रमाण १६ च्या आसपास जाते. एवढ्या फरकाने आठ इंच रुंदीची सागाची फळी सुमारे एक दशांश इंच रुंद होते. हे फार वाटत नाही. परंतु दहा फूट रुंदीच्या खोलीत अशा पंधरा फळ्या असतात, आणि त्या सर्वांस मिळून दीड इंच जागा अधिक लागते. ती जागा भिंतीपाशी ठेवलेली नसेल तर फळ्या जाणार कोठे? त्या वरच उचलणार. क्वचित भिंतीसही रेटतील.

वाटीसारखे वाकणे मात्र याहून वेगळे. फळीच्या खालच्या अंगास ओल अधिक लागली व वरचे अंग कोरडे राहिले की खालचे अंग फुगते, वरचे तेवढेच राहते, आणि दोन्ही कडा वर येतात. जाड कागदाची पट्टी एकाच बाजूने ओल्या फडक्याने पुसून टेबलावर ठेवल्यास हा प्रकार घटकाभरात डोळ्यांनी पाहता येतो. आता आरंभीच्या सुताराचे काय चुकले ते कळेल. फळी फुगलेली असतानाच त्याने तिच्या कडा तासल्या. पुढे खालचे अंग वाळून फळी आपल्या मूळ आकारास आली, पण कडांचे लाकूड तर गेलेले. अर्थात मध्यभाग उंच राहिला.

तेव्हा प्रथम पाणी शोधावे. पहिली तपासणी कौलांची. एखादे कौल सरकले किंवा पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीच्या आतून उतरते आणि कौलापासून बऱ्याच अंतरावर डाग दाखविते. दुसरी तपासणी मोरीची व न्हाणीची. त्यांच्या लगतची तक्तपोशी बाराही महिने उचललेली असेल तर दोष पावसाळ्याचा नव्हे, नळाचा आहे. तळमजल्यावर लाकडी जमीन असेल तर जोत्यातील झरोके पाहावे. अंगण उंच करताना किंवा उंदरांच्या भयाने ते बुजविलेले आढळतात, आणि मग खालची दमट हवा कोंडून राहते. चौथे कारण आमच्या मते हल्ली सर्वांत अधिक घडते: जुन्या फळ्यांवर शोभेसाठी प्लास्टिकचा पत्रा पसरतात, किंवा सिमेंट घालून फरशी बसवितात. फरशी रोज धुतली जाते, झिरपलेले पाणी फळीत मुरते व वर येण्यास त्यास वाट राहत नाही. वरून जमीन चकचकीत दिसते आणि खाली लाकूड कुजत असते.

गोदावरीचे पाणी चढल्यावर प्रश्न याहून कठीण होतो. २००८, २०१६ व २०१९ या साली आलेल्या महापुरांत नदीकाठच्या घरांनी तो अनुभव घेतला. अशा वेळी गाळ वाळण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याने धुवावा, मधून मधून एकेक फळी काढून खाली वारा खेळता करावा, आणि पुढे धीर धरावा. शेगडी पेटवून किंवा कडक उन्हात टाकून घाईने वाळविलेली फळी चिरते.

ओलीचा उगम बंद केल्यावर खोलीच्या खिडक्या कोरड्या दिवशी उघड्या ठेवाव्या, पंखा लावावा, आणि कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत वाट पाहावी. पुष्कळ फळ्या आपोआप बसतात. त्यांस काहीच करावे लागत नाही. ज्या बसत नाहीत त्या पहारीने न उपटता खिळे सोडवून हलक्या हाताने काढाव्या. फळीची खोलगट बाजू ओल्या गोणपाटावर पालथी घालावी व फुगीर बाजू सकाळच्या कोवळ्या उन्हाकडे ठेवावी. खोलगट बाजू ओलीने वाढते, फुगीर बाजू वाळून आकसते, आणि फळी सरळ होऊ लागते. ती थोडी सरळ झाली की लगेच उचलावी, नाही तर उलट्या बाजूस वाकते. मग सपाट जागी, खाली-वर वारा लागेल अशा पट्ट्यांवर ठेवून, वर वजन द्यावे व दोन-तीन आठवडे हात लावू नये.

पुन्हा बसविताना खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावे. फळीच्या दोन्ही कडा कडीस जखडू नयेत. एक कड पक्की करावी व दुसरी शेजारच्या फळीच्या खाचेत सरकती राहू द्यावी. भिंतीपाशी चोहोकडे अर्धा इंच जागा सोडावी आणि ती झाकणारी पट्टी भिंतीस ठोकावी, जमिनीस नव्हे. रंधा मारावयाचा तो या सर्वांच्या शेवटी. नवी फळी घ्यावी लागलीच तर खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे चिरलेली, म्हणजे जिच्या टोकास वलयांच्या रेषा उभ्या दिसतात ती घ्यावी. कारखान्यातील मालाच्या पेट्यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्या सहसा पुरत्या मुरलेल्या नसतात.

ही कारागिरी या भागातील मिशनच्या शाळांस परकी नव्हती. एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळच्या शरणपुरास, गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस अक्षरांबरोबर सुतारकाम व लोहारकामही शिकवीत. डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा १८७३ साली आफ्रिकेत अंत झाला तेव्हा तेथील झाडाच्या खोडावर ज्याने त्यांचे नाव कोरले तो जेकब वेनराइट शरणपूरच्याच शाळेतला. आमच्या प्रभूनेही नासरेथात याच धंद्यात हात घातले होते, हे ज्या मुलांस रंधा हाती धरण्याची लाज वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे.

नव्या सदनिकांत लाकडासारखी दिसणारी जी जमीन असते ती बहुधा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाट्यांची असते. तिचे सांधे एकदा पाण्याने फुगले की पूर्ववत होत नाहीत. तेवढ्या पाट्या बदलाव्या हेच उत्तम. ती बसविण्यापूर्वी सिमेंटची जमीन वाळली आहे की नाही हे पाहण्यासाठी दीड फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावे. खाली दव जमले तर काम थांबवावे.

लाकडी जमीन बादलीने धुऊ नये, पिळलेल्या फडक्याने पुसावी. जवसाचे तेल द्यावयाचे तर फळी बसविण्यापूर्वी दोन्ही अंगांस सारखे द्यावे; एकाच अंगास दिल्याने ओल एकीकडूनच शिरते. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवावी.

उरली एक तपासणी, आणि ती पावसाळ्यापूर्वीच करावी. तुळईचे जे टोक भिंतीत शिरते तेथे दाभण टोचून पाहावे. चांगल्या सागात ते शिरत नाही. सहज आत गेले, किंवा पोकळ आवाज आला, तर तेथे कूज अथवा वाळवी आहे. मग फळ्या सरळ करण्यात वेळ घालवू नये. माळ्यावरील धान्य व ट्रंका त्याच दिवशी खाली उतरवाव्या, तुळईखाली भक्कम टेकू द्यावा, मुलांस वर जाऊ देऊ नये, आणि इमारतीची परीक्षा करू शकेल असा इंजिनिअर बोलवावा.