तणाव, लाइफ कोच आणि डॉक्टर : कोणाचे दार केव्हा ठोठवावे?

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षे यंत्रावर काम केलेल्या एखाद्या कामगाराला पर्यवेक्षकपद मिळते. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांनाच आज कामे सांगायची असतात. पगार वाढतो, पण घरी चिडचिड सुरू होते आणि रविवारची संध्याकाळ सोमवारच्या धास्तीत जाते. अशा माणसाला वेड लागलेले नसते की त्याला औषधाची गरज असतेच असेही नाही; पण नेमके कोणाशी बोलावे, हे त्याला कळत नाही. नातेवाईक ‘सगळ्यांनाच असतो ताण’ म्हणून विषय मिटवतात. ही जी रिकामी जागा आहे, तिथे आता ‘लाइफ कोच’ येऊन बसला आहे.

कोच हा शब्द आपल्याला नवा नाही. रेल्वेचा डबाही कोच आणि क्रिकेटचा प्रशिक्षकही कोचच. दोन्ही अर्थांचे मूळ हंगेरीतील कोच या गावी आहे. तेथे बनणाऱ्या घोडागाड्या युरोपभर गावाच्याच नावाने ओळखल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यापीठांत, परीक्षेच्या पैलतीरी ‘वाहून नेणाऱ्या’ शिकवणी-शिक्षकाला विद्यार्थी गमतीने तेच नाव देऊ लागले आणि पुढे ते क्रीडांगणावर गेले. आयुष्याचा कोच ही कल्पना मात्र अलीकडची. अमेरिकेत आर्थिक नियोजन सल्लागार असलेल्या थॉमस लिओनार्ड यांच्या लक्षात आले की, आपले ग्राहक पैशांपेक्षा जगण्याविषयीच अधिक विचारतात. १९९२ मध्ये त्यांनी प्रशिक्षणसंस्था काढली आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कोच महासंघाचा पाया घातला.

चांगला कोच उपदेश करीत नाही, प्रश्न विचारतो. मोटार शर्यतपटू राहिलेल्या जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली चार पायऱ्यांची पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे : ध्येय काय, आजची स्थिती काय, पर्याय कोणते आणि यांपैकी नक्की काय करणार. वरच्या पर्यवेक्षकाला ‘मला ताण आहे’ एवढेच सांगता येत असेल, तर दोन-तीन बैठकांनंतर त्याला ‘जुन्या मित्राला उशिरा आल्याबद्दल बोलणे मला जमत नाही’ असे सांगता येते. पहिल्या वाक्यावर उपाय नसतो, दुसऱ्यावर असतो. ते बोलणे कधी आणि कोणत्या शब्दांत करायचे हे ठरते आणि पुढच्या बैठकीत ते झाले का, याची विचारणा होते. तणावाचा मोठा भाग अशा टाळलेल्या कामांत आणि संदिग्धतेत दडलेला असतो. कोचिंगचा खरा उपयोग येथे आहे आणि तो कमी लेखण्याजोगा नाही.

मानसोपचाराची पदवी नसलेला माणूस खरोखर मदत करू शकतो का? या प्रश्नाचे भक्कम उत्तर गोव्यातच मिळाले आहे. ‘संगत’ या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची कोणतीही पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसोबत त्यांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. भर होता तो सोडून दिलेली छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करण्यावर. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, नेहमीच्याच, पण थोड्या सुधारित उपचारांवर असलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

हे आकडे दाखवून कोणी ‘मग आम्हीही तेच करतो’ म्हणेल, तर थांबावे. त्या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, सहकारी त्या ऐकून गुण देत, वर तज्ज्ञांची देखरेख असे आणि रुग्णाची लक्षणे प्रश्नावलीने मोजली जात. पदवीची उणीव या शिस्तीने भरून काढली होती. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळवून सोमवारी फलक लावणाऱ्यावर अशी कोणाचीही नजर नसते.

कायद्याचीही नसते. मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची. लाइफ कोच होण्यासाठी भारतात कोणताही परवाना लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिलेला गोपनीयतेचा हक्कही कोचच्या खोलीत आपोआप लागू होत नाही. तेथे जे काही संरक्षण असेल, ते परस्परांतील कराराचे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारावे : प्रशिक्षण कोठे आणि किती तासांचे झाले? आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सर्वांत खालच्या श्रेणीलाही किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. टिपणे कोण पाहतो? मध्येच थांबल्यास शुल्क परत मिळते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या व्यक्तीला तुम्ही डॉक्टरकडे पाठवता? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळेल किंवा ‘तशी वेळच येत नाही’ म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आयुष्य पालटण्याची हमी देणाऱ्याकडे तर पहिल्यांदाही नको.

ती वेळ येते. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली आहे, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही, छातीत धडधडून घाम फुटतो, दारूचा आधार वाढला आहे, किंवा जगण्याचा कंटाळा मनात येतो, यांपैकी काहीही असेल तर ध्येये ठरवत बसण्यात वेळ घालवू नये. उलट, ठरवलेले पार पडले नाही की अशा माणसाची अपराधी भावनाच वाढते. गोव्यात बांबोळी येथे मनोरुग्णालय व मानवी वर्तन संस्था आहे. तेथवर जाण्याचा संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. आत्महत्येचा विचार मनात येत असेल, तर कोचच्या पुढील भेटीची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.