बळदातला फोनो पुन्हा बोलू लागला



या पानांवर एरवी बेणे, खोडवा, हुमणी आणि ठिबक यांची चर्चा असते. या वेळी विषय जरा निराळा आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात माळवदाखाली, बळदात नाहीतर कडब्याच्या खोलीत ही वस्तू पडून असेल, म्हणून चार शब्द लिहीत आहे.

आमच्या वडिलांनी उसाच्या बिलातून तीन वस्तू घेतल्या होत्या : रेकॉर्ड वाजवायचा फोनो, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतला एक स्पीकर. एकादशीला अभंगाची रेकॉर्ड लागायची आणि निम्मी आळी ओट्यावर येऊन बसायची. पुढे टेपरेकॉर्डर आला, टीव्ही आला, वडील गेले, भावाभावांत वाटणी झाली. जमीन मोजून घेतली, भांडी मोजून घेतली; फोनो कुणालाच नको होता. तो माझ्या बळदात आला आणि तिथेच राहिला.

गेल्या वर्षी दारात भंगारवाला आला. म्हणाला, "काका, आतल्या तांब्याच्या भावानं घेतो की." मी काढून द्यायला निघालो, तोच ओसरीवरून आई म्हणाली, "आरं, एकदा लावून तर बघ. मला ती रेकॉर्ड ऐकायचीय." आईचे वय ऐंशीच्या पुढे. भंगारवाल्याला परत पाठवला.

पहिली चूक

उत्साहाच्या भरात मी अॅम्प्लिफायर झटकला आणि सरळ प्लगात घातला. दोन मिनिटांत जळका वास सुटला, धूर निघाला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. जुने मशीन इतक्या वर्षांनी एकदम पूर्ण दाबावर कधीही लावू नये, हा धडा मी पैसे मोजून शिकलो. तो तुम्ही फुकट घ्यावा.

जळायचे कारण साधे आहे. या मशीनमध्ये कंडेन्सर असतात. पडून पडून त्यांच्यातले रसायन वाळते आणि जो करंट त्यांनी अडवायचा, तोच ते सोडू लागतात. सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. म्हणून आधी सिरीज बल्ब लावावा. शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब मशीनच्या वायरीत एकापुढे एक असा जोडायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. आपल्या गावचे मोटार वाइंडिंगवाले हीच युक्ती वापरतात. माझा जळालेला ट्रान्सफॉर्मर अशाच एका वाइंडिंगवाल्याने जुन्या तारेचे फेरे मोजून पुन्हा भरून दिला. पाण्याच्या मोटारीचा हात, पण काम चोख.

व्हॉल्व्ह म्हणजे काय?

व्हॉल्व्ह ही काचेची निर्वात नळी असते. आत तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी असते. कालव्याच्या चारीचे दार एका हाताने थोडे वर-खाली केले की केवढे पाणी कमी-जास्त होते, तसेच सुईकडून आलेला इवलासा विद्युत्संदेश या जाळीवरचा दाब बदलतो आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर नाचतो. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली अशी जाळी घातली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर निघाला आणि हळूहळू व्हॉल्व्ह मागे पडले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही व्हॉल्व्ह बनवले होते. आज ते रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात नवे बनतात, त्यामुळे ईएल ८४, ईसीसी ८३ असे नेहमीचे नंबर अजून मिळतात. मात्र घेताना सावध राहावे. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने मला वापरलेला व्हॉल्व्ह पुसून नवा म्हणून दिला होता.

कंडेन्सर मात्र जुने ठेवू नयेत. त्यातही दोन व्हॉल्व्हच्या मधला कागदी कंडेन्सर आधी बदलावा. तो गळू लागला की पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब जातो, आतला पत्रा लालभडक होतो आणि चांगला व्हॉल्व्ह हकनाक मरतो.

जिवाची काळजी

बंधूंनो, हा भाग दोनदा वाचा. या मशीनच्या आत अडीचशे-तीनशे व्होल्ट आणि काहींत त्याहून जास्त दाब असतो. बटण बंद केले, प्लग काढला, तरी कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. दहा हजार ओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरीला जोडून तो दाब उतरवावा, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. खाली कोरडा लाकडी पाट, पायात रबरी चप्पल आणि एक हात पाठीमागे. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची, अर्थिंगची घालावी. पोराबाळांना जवळ बसवू नये. विजेचे काम येत नसेल तर जाणकार मेकॅनिकला शेजारी घेतल्याशिवाय झाकण उघडू नये.

आणखी दोन गोष्टी. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून फुटतो. आणि रात्री शिवारातल्या मोटारी बंद झाल्या की दाब चढतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. मशीनच्या मागे २२०, २३०, २४० अशी निवड असेल तर २४० वर ठेवावे.

रेकॉर्ड आणि स्पीकर

आपल्या देशात १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. १९०८ मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते. तीच लाख, जी पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडावर किडा तयार करतो. म्हणून ती स्पिरिटने कधी पुसू नये, लाख विरघळते. १९४८ साली तेहतीस फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड आली. ती प्लास्टिकची, खाच बारीक. चावीच्या ग्रामोफोनवर ती लावली तर जड डोक्याखाली खाचा खरवडून निघतात.

माझ्या स्पीकरचा कागदी पडदा उंदरांनी कुरतडला होता. पातळ टिश्यू कागद आणि विरळ केलेला गोंद यांनी भोके बुजवली. पेटी मात्र नवी केली, कारण जुनीचे फळे उघडले होते. मागची बाजू नीट बंद नसेल तर पडद्याच्या पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाते आणि मृदंगाची थाप पोकळ लागते. आत भरायला लोकर चांगली. मी फाटकी घोंगडी वापरली, डांबराच्या गोळ्यांसह.

फोनोतले तेल वाळून चिकट झाले होते. ते स्पिरिटने पुसून शिलाई मशीनचे तेल दिले. मोटारीची गती ताटलीला देणारे रबरी चाक दगडासारखे कडक झाले होते, ते नव्या रबराने मढवून घेतले.

आईचा कान

आषाढी एकादशीला रेकॉर्ड लावली. व्हॉल्व्ह तांबूस उजळले, थोडी घरघर झाली आणि आवाज आला. सगळे खुश. आई मात्र म्हणाली, "रेकॉर्ड पळतीय रं. ह्यांच्या वेळेला अशी न्हवती."

मला पटेना. पण हिशोब सोपा आहे. तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे. ताटलीवर कागदाची खूण लावून मोजले, तर एकशे चार भरले. मोटार उघडून पाहिली, तर तिच्या दांड्यावर पातळ चिकटपट्टीचा एक वेढा होता. रबर कडक होऊन चाक घसरू लागले तेव्हा वडिलांनीच कधीतरी दांडा जाड करून वेग भरून काढला असणार. आता नवे रबर घसरत नव्हते, म्हणून रेकॉर्ड पळत होती.

पट्टी काढली. पुन्हा मोजले, शंभर भरले. रेकॉर्ड परत लावली. आई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत बसली. मग एवढेच म्हणाली, "आता बराबर हाय."

सगळा खर्च एका पाणबुडी मोटारीच्या रिवाइंडिंगएवढा आला. नवा मोबाईल याहून स्पष्ट वाजतो, हेही खरे. पण १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातल्या कितीतरी घरांतला संसार ढिगाऱ्यात गेला, आणि वाचलेल्यातले बरेचसे नंतर भंगारात गेले. आता उरलेले थोडे आहे. तेव्हा सभासद बंधूंनो, यंदा भंगारवाला दारात आला तर त्याला क्षणभर थांबवा, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मगच वजन करा.

– एक ऊस उत्पादक सभासद