अर्थमिती शिकताना : आधी प्रश्न, मग समीकरण

अर्थशास्त्राच्या बी.ए. किंवा एम.ए.च्या अभ्यासक्रमात अर्थमितीचा पेपर आला की पुष्कळ विद्यार्थी धास्तावतात. सिग्मा, बीटा आणि सिद्धता यांच्या गर्दीत विषयाचा हेतूच नजरेआड होतो. सूत्रे पाठ होतात, पेपरही सुटतो. पण खरी आकडेवारी हातात दिली तर सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. उपयोजित अर्थमितीचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो तो ही उणीव भरून काढण्यासाठी. त्यात गणित लागतेच, पण गणिताच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो : तुलना कोणाची कोणाशी चालली आहे? हा प्रश्न पक्का झाला की बाकीची तंत्रे आपापल्या जागी बसतात.

विषयाची ओळख

किंमत वाढली की मागणी घटते, हे सिद्धान्त सांगतो. किती घटते, हे मात्र आकडेवारीवरूनच काढावे लागते. आर्थिक सिद्धान्त, संख्याशास्त्र आणि प्रत्यक्ष आकडेवारी यांची सांगड म्हणजे अर्थमिती. १९३० मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे इकॉनॉमेट्रिक सोसायटी स्थापन झाली आणि १९३३ पासून तिचे ‘इकॉनॉमेट्रिका’ हे नियतकालिक निघू लागले. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल १९६९ मध्ये रॅग्नर फ्रिश आणि यान टिनबर्गेन यांना मिळाले. दोघेही याच विषयाचे आद्य अभ्यासक. आपल्याकडे ज्या ‘बेसिक इकॉनॉमेट्रिक्स’वर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या, त्याचे लेखक दामोदर गुजराती यांनी १९६० मध्ये मुंबई विद्यापीठातून एम.कॉम. केले होते. पुढे त्यांनी शिकागो विद्यापीठात पीएच.डी. केली.

रिग्रेशन काय सांगते

पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी कमाई आणि शिक्षण यांचे उदाहरण येते. जेकब मिन्सर यांनी १९७४ मधील ग्रंथातून रूढ केलेल्या समीकरणात डावीकडे कमाईचा लॉग असतो. उजवीकडे शिक्षणाची वर्षे, कामाचा अनुभव आणि अनुभवाचा वर्ग. ओएलएस (ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्स) या रिग्रेशनच्या पद्धतीने आपण अशी रेषा शोधतो की प्रत्यक्ष कमाई आणि रेषेने सांगितलेली कमाई यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी.

समजा, शिक्षणाचा सहगुणक ०.०८ आला. याचा अर्थ असा, की अनुभव सारखा असलेल्या दोघांपैकी जो एक वर्ष जास्त शिकला आहे, त्याची कमाई सरासरी सुमारे ८ टक्क्यांनी जास्त आहे. ‘जास्त आहे’ इतकेच हे वाक्य म्हणते. ‘शिक्षणामुळे वाढली’ असे ते म्हणत नाही. या दोन विधानांमधले अंतर समजणे हाच अभ्यासक्रमाचा खरा धडा आहे.

सुटलेला घटक

जास्त शिकलेल्यांचे आईवडीलही बहुधा जास्त शिकलेले असतात. ओळखीपाळखी, शहरातले घर, शिकवणीची सोय यांचाही कमाईवर परिणाम होतो. हे घटक समीकरणात नसतील तर त्यांचे श्रेय शिक्षणाच्या खात्यावर जमा होते. चूक कोणत्या दिशेची असेल हेही ठरवता येते. सुटलेल्या घटकाचा कमाईवरचा परिणाम आणि त्याचा शिक्षणाशी असलेला संबंध, या दोन्हींची चिन्हे पाहायची. दोन्ही धन असतील तर अंदाज खऱ्यापेक्षा मोठा येतो; एक धन आणि एक ऋण असेल तर लहान.

मग दिसेल तो घटक समीकरणात घालावा का? नाही. माणूस शिकतो, म्हणून त्याला चांगल्या हुद्द्याची नोकरी मिळते, म्हणून कमाई वाढते. अशा वेळी हुद्दाही समीकरणात घातला तर शिक्षणाच्या परिणामाचा एक भाग आपण स्वतःच कापून टाकतो. कोणता घटक घ्यायचा आणि कोणता नाही, याचे उत्तर संगणक देत नाही. ते विषयाच्या जाणकारीतून येते.

न्यू जर्सीचे उदाहरण

चांगली तुलना कशी उभी राहते हे पाहायला एक अभ्यास बारकाईने वाचावा. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ डॉलरच राहिले. वेतन वाढले की मालक माणसे कमी करतात, असे पाठ्यपुस्तक सांगत होते. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटांची पाहणी वाढीच्या आधी आणि नंतर केली. दोन अर्धवेळ कामगार म्हणजे एक पूर्णवेळ, असा हिशेब धरला.

न्यू जर्सीत दर रेस्टॉरंटमागे सरासरी कामगार आधी २०.४४ होते, नंतर २१.०३ झाले; म्हणजे ०.५९ ची वाढ. पेनसिल्व्हेनियात ते २३.३३ वरून २१.१७ वर आले; म्हणजे २.१६ ची घट. फक्त न्यू जर्सीचे आधी-नंतर पाहिले तर त्या काळातली मंदी आणि ऋतुमान हिशेबात मिसळते. फक्त नंतरची दोन राज्ये पाहिली तर त्यांच्यातला मुळातला फरक मिसळतो. दोन बदलांमधला फरक घेतला की हे दोन्ही दोष टळतात. तो आला २.७६. (वरच्या आकड्यांची बेरीज २.७५ होते, बाकीचा फरक पूर्णांकनाचा.) वेतनवाढीने रोजगार घटल्याचा पुरावा यात मिळाला नाही.

या पद्धतीचा सगळा भार एका गृहीतकावर आहे : वेतनवाढ झाली नसती तर न्यू जर्सीतला रोजगार पेनसिल्व्हेनियासारखाच हलला असता. १९९४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्यावर मोठा वाद झाला. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी वेतनपत्रकांची आकडेवारी वापरून उलट निष्कर्ष काढला. कार्ड आणि क्रूगर यांनी त्याला उत्तरही दिले. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू वाचाव्यात. २०२१ च्या नोबेलचा अर्धा वाटा कार्ड यांना मिळाला, उरलेला अर्धा जोशुआ अँग्रिस्ट आणि गुइडो इम्बेन्स यांना विभागून.

मुंबईतील बालसखी

शेजारचे राज्य असे आयते मिळतेच असे नाही. मग तुलनेचा गट मुद्दाम तयार करता येतो. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच या तरुणी मुलांचे पायाभूत वाचन आणि गणित पक्के करून घेत. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. त्यामुळे दोन्ही गटांतली मुले सरासरीने सारखी होती आणि पुढे दिसलेला फरक बालसखीचाच, असे म्हणता आले. दुसऱ्या वर्षअखेर चाचणीतले गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढलेले दिसले. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांचा हा निबंध २००७ चा आहे.

आकड्यावर भरवसा किती

न्यू जर्सीच्या २.७६ या अंदाजाची प्रमाण त्रुटी १.३६ होती. तिला १.९६ ने गुणले की सुमारे २.६७ येते, म्हणून ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.०९ ते ५.४३. शून्य त्याच्या जेमतेम बाहेर आहे. म्हणजे ‘मोठी घट झाली’ या म्हणण्याला आकडेवारी साथ देत नाही, पण वाढ नेमकी किती हेही ती छातीठोकपणे सांगत नाही. उत्तरपत्रिकेत नुसते ‘सिग्निफिकंट’ लिहून थांबू नये. अंतराल द्यावा आणि त्याचा व्यवहारातला अर्थ सांगावा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पी-व्हॅल्यू म्हणजे ‘परिणाम शून्य आहे’ हे गृहीतक खरे असण्याची शक्यता नव्हे. गृहीतक खरे मानले तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची ती शक्यता. आणि आर-स्क्वेअर, म्हणजे समीकरणाने उलगडलेला फरकांचा वाटा, कमी आला म्हणून अभ्यास फसला असे होत नाही. माणसामाणसाच्या कमाईत इतके वैविध्य असते की तिथे तो कमीच येतो.

आकडेवारीत हात घालताना

आपल्या देशाची आकडेवारी मुबलक आहे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाची नियतकालिक श्रमबल पाहणी २०१७-१८ पासून होते आणि तिची व्यक्तिनिहाय आकडेवारी विनामूल्य मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम मुंबईत देवनारच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेसकडे आहे. सॉफ्टवेअरसाठीही खर्च नको; आर आणि ग्रेटल दोन्ही फुकट आहेत.

फाइल उघडण्याआधी प्रश्नावली वाचावी, कारण प्रश्न कसा विचारला यावर उत्तराचा अर्थ ठरतो. उत्तर न मिळालेल्या जागी कोणता कोड टाकला आहे ते पाहावे. तो कोड खरा आकडा समजला गेला तर सरासरीच बिघडते. नमुना पाहणी असेल तर भारांक विसरू नयेत. एकाच गावातली किंवा शाळेतली माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून प्रमाण त्रुटी काढताना गटांची दखल घ्यावी. आणि केलेली प्रत्येक पायरी कोडच्या फाइलमध्ये जपावी, म्हणजे महिन्याने स्वतःलाही ती तपासता येते.

विद्यार्थी आणि शिक्षकांना

सिद्धता जरूर शिकाव्यात, पण त्यांच्या जोडीला एक तरी छापील तक्ता स्वतः पुन्हा काढून पाहावा. कार्ड आणि क्रूगर यांची मूळ आकडेवारी आज खुली आहे. ती उतरवून घ्या आणि २.७६ हा आकडा आपल्या हाताने काढा. शिक्षकांनीही अंतर्गत गुणांतले काही गुण अशा कामाला द्यावेत. आकडेवारी हाताळून शिकलेला विद्यार्थी उद्या शासनात, बँकेत किंवा वर्तमानपत्रात बसला, तर एखादी योजना ‘यशस्वी’ ठरवण्याआधी तो पुरावा मागेल. आपल्याला असे पदवीधर हवे आहेत.