शिपायाची बडतर्फी : नियम काय सांगतो?

नाशिक शहरात पोलिस आयुक्त, तर ग्रामीण भागात पोलिस अधीक्षक पोलिस शिपायांची नियुक्ती करतात. राज्यघटनेच्या कलम ३११ नुसार, नियुक्ती करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याला शिपायास बडतर्फ करता येत नाही. शिवाय दोषारोप कळवून, चौकशी करून त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झाल्यास, चौकशी व्यवहार्य नसल्यास किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्यासच यास अपवाद आहे. चौकशी व्यवहार्य का नाही, याची कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. बडतर्फीविरुद्ध वरिष्ठांकडे अपील आणि नंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्यामुळे घाईने केलेली कारवाई तेथे रद्द होऊन दोषी शिपाईही पुन्हा वर्दीत परतू शकतो.