दुखण्याशी मांडलेला डाव

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. गावोगावहून आलेल्या आपल्या माणसांनी येथे लोखंड उचलले, मशीनपुढे उभ्याने पाळ्या काढल्या. त्यांतील कितीतरी जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कुणाचे गुडघे धरले, कुणाची कंबर. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या अशा दुखण्यास वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते.

घरचे मायेपोटी सांगतात, "बाबा, बसून राहा." पण बसून राहिल्याने स्नायूंची ताकद जाते, सांधे आखडतात आणि एक दिवस संडासाला जायलाही कुणाचा हात धरावा लागतो. हे परावलंबन दुखण्याहून जड असते.

१९६५ साली मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक गेट लागते. कंपनीच्या गेटसारखे ते कधी सताड उघडते, कधी अर्धे मिटते. भीती, काळजी आणि एकटेपणाने वेदना वाढते, मन गुंतले की कमी जाणवते. सिॲटल येथे भाजलेल्या रुग्णांना मलमपट्टीच्या वेळी बर्फाचे गोळे फेकण्याचा संगणकी खेळ देण्यात आला, तो याच विचाराने. २०२१ साली अमेरिकेने जुनाट कंबरदुखीसाठी डोळ्यांवर बसवायच्या अशाच यंत्राचा आठ आठवड्यांचा घरगुती उपचार मंजूर केला.

आपल्याला यंत्राची गरज नाही. एक वाटी आणि मूठभर कवड्या पुरेत. दुखणे न वाढता किती मिनिटे चालता येते ते आठवडाभर पाहावे. दहा मिनिटे होत असतील, तर आठने सुरुवात करावी. ठरल्याइतके चालून थांबले की वाटीत एक कवडी. बरे वाटले म्हणून जास्त चालले, तर त्या दिवशी कवडी नाही! कारण बरे वाटले की माणूस उत्साहाने पाण्याचे हंडे उचलतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. वाईट दिवशी अर्धी फेरी केली तरी कवडी द्यावी. आठवडा नीट गेला तर एक मिनिट वाढवावे. हिशेब नातवंडांकडे द्यावा. मात्र दोन म्हाताऱ्यांची शर्यत लावू नये, आणि "आज किती दुखते?" असे सारखे विचारू नये. मोजायचे ते काम, दुखणे नव्हे.

हा खेळ औषधांच्या जागी नाही. छातीत दुखणे वा दम लागणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, वजन घटणे किंवा पडल्यानंतरचे दुखणे असेल, तर तात्काळ दवाखाना गाठावा.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर चार ज्येष्ठ मंडळी जमतातच. तेथे प्रत्येकाची एक वाटी ठेवावी, असे आम्ही सुचवितो. सोबत असली की पाऊल उचलते.